जबाबाची जागा

आपल्या पोलीस ठाण्याची इमारत ज्या काळी आणि ज्या प्रयोजनाने रचली गेली, त्या काळाचा आणि त्या प्रयोजनाचा ठसा तिच्या भिंतींवरून अद्याप पुसला गेलेला नाही. परकीय राजवटीचा अंमल गावोगाव दिसावा, हत्यारे सुरक्षित राहावीत, पकडून आणलेला इसम निसटू नये आणि कागद गहाळ होऊ नये, एवढ्याच गरजा समोर ठेवून जो नकाशा आखला गेला, त्यात ठाणे अंमलदाराच्या मेजाला दर्शनी स्थान मिळाले, कोठडीला त्याच्या नजरेच्या टप्प्यातली जागा मिळाली, मुद्देमालाला स्वतंत्र खोली मिळाली, शस्त्रांना कुलपाआडची कपाटे मिळाली. परंतु ज्या व्यक्तीवर अन्याय झाला आणि म्हणून जी आपण होऊन दाद मागण्यासाठी या दारात आली, तिच्या वाट्याला भिंतीलगतच्या एका बाकाखेरीज काही आले नाही. स्वातंत्र्यानंतर कौलांच्या जागी सिमेंटचे छप्पर आले, टंकलेखन यंत्राच्या जागी संगणक आला, दर्शनी भिंतीवर राज्य पोलीस दलाचे संस्कृत ब्रीद झळकू लागले. पण नकाशामागचा मूळ विचार पुष्कळ अंशी तोच राहिला.

ज्या स्त्रीवर अत्याचार झाला आहे ती या इमारतीत येते तेव्हा काय घडते, याची कल्पना करण्यासाठी फारशी प्रतिभा लागत नाही. समोरच्या मेजाभोवती गर्दी असते. अपघातातल्या वाहनाचे कागद घेऊन कोणी उभा असतो, पासपोर्टच्या पडताळणीसाठी कोणी आलेला असतो, रात्री भांडताना धरून आणलेले दोघे कोपऱ्यात उकिडवे बसलेले असतात आणि बिनतारी यंत्र मध्येच खरखरत असते. या सर्वांच्या देखत आणि या सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात तिला विचारले जाते की काय झाले, कुठे झाले, किती वाजता झाले, आणि एवढ्या अवेळी ती तिथे गेलीच कशाला. विचारणारा माणूस दुष्ट असतो असे मुळीच नाही. त्याला रकाने भरायचे असतात आणि त्याच्यामागे दहा कामे उभी असतात. पण ज्या गोष्टीचा उच्चार ती सख्ख्या बहिणीपाशीही करू धजली नव्हती, ती गोष्ट अपरिचितांच्या मेळ्यात उच्चारण्याची सक्ती तिच्यावर होते. अशा स्थितीत तिने अर्धेच सांगितले, किंवा काहीच न सांगता ती परत गेली, तर त्याचा दोष तिच्या धैर्याकडे जात नाही.

या प्रश्नाचा सर्वांत दारुण दाखला आपल्याच राज्यातला आहे. १९७२ सालच्या मार्च महिन्यात, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीला, तिच्या भावाने दिलेल्या तक्रारीच्या चौकशीसाठी, नातलगांसह आणण्यात आले. रात्री साडेदहाच्या सुमारास सर्वांचे जबाब संपले, इतरांना जाण्यास सांगण्यात आले, तिला मात्र थांबवून घेण्यात आले; आणि जिथे तिचा जबाब घेतला गेला त्याच ठाण्याच्या आवारात, तिथल्याच शिपायाने तिच्यावर बलात्कार केल्याचा आरोप पुढे उभा राहिला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले; मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, भीतीपोटी पत्करलेली असहाय शरणागती म्हणजे संमती नव्हे असा सूक्ष्म आणि न्याय्य विवेक करून त्यांना दोषी ठरवले; आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने, मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत या गोष्टीस मोठे महत्त्व देऊन, तो निर्णय फिरवला. त्यानंतर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना जे अनावृत पत्र लिहिले, त्याने देशभर चळवळ उभी केली आणि १९८३ साली फौजदारी कायदा बदलला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या पत्रातील एका मुद्द्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही. स्त्रीला जबाबासाठी तिच्या राहत्या जागेखेरीज अन्यत्र बोलावता येणार नाही असा कायदा असताना, आणि त्याच सुमारास नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात न्यायालयाने त्याचा पुनरुच्चार केलेला असताना, या मुलीला मुळात ठाण्यात आणून का ठेवले, यावर न्यायालयाने एक शब्दही उच्चारला नाही, अशी त्या चौघांची तक्रार होती. जबाब कोठे घेतला जातो, हा प्रश्न त्या प्रकरणाच्या अगदी मुळाशी होता.

त्यानंतरच्या अर्धशतकात कायद्याने या बाबतीत बरीच मजल मारली आहे, हे कृतज्ञतापूर्वक मान्य केले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पूर्वीच्या तरतुदी पुढे चालू ठेवल्या आणि काही वाढवल्या. स्त्री, पंधरा वर्षांखालील मुलगा, साठ वर्षांवरील वृद्ध, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना जबाबासाठी राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा ती निवडील त्या जागी, आणि होता होईल तो महिला अधिकाऱ्याने, घ्यावयाचा असतो. अपंग पीडितेसाठी दुभाषा किंवा विशेष शिक्षक हजर असावा लागतो आणि त्या जबाबाचे चित्रीकरण करावे लागते. बालकांच्या बाबतीत २०१२ चा पॉक्सो कायदा याहूनही पुढे गेला: अधिकाऱ्याने गणवेश घालू नये, आरोपी बालकाच्या दृष्टीस पडू नये, बालकाला रात्री ठाण्यात ठेवू नये आणि ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे असे माणूस जवळ असावे, इतक्या बारकाईने तो बोलतो.

पण जागा निवडण्याचा हक्क बजावायचा म्हणजे निवडण्याजोगी जागा अस्तित्वात असावी लागते. कायद्याने घराचे नाव घेतले, कारण कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घर म्हणजे आसरा होता. प्रत्यक्षात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की बलात्काराच्या दर दहा प्रकरणांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या परिचयाचा असतो; तो शेजारी असतो, आप्त असतो, कित्येकदा त्याच छपराखाली राहणारा असतो. ज्या घरात तो वावरतो त्या घरात तिने काय बोलावे? आणि तो परका असला, तरी मुंबईतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, सासू-सासरे, दीर आणि मुले यांच्या देखत, किंवा खेड्यातल्या अशा घरात की ज्याच्या दाराशी पोलिसांची गाडी थांबताच अर्धी आळी गोळा होते, तिला मोकळेपणाने बोलता येईल अशी अपेक्षा कोणी करू नये. म्हणूनच नव्या संहितेने, तिची स्वतःची इच्छा असेल तर तिला ठाण्यात येऊ द्यावे, अशी मुभा ठेवली आहे आणि ती व्यवहाराला धरून आहे. मात्र या मुभेबरोबर एक कर्तव्य आपोआप जन्माला येते. ती ज्या ठाण्यात येईल त्या ठाण्यात तिच्यासाठी एक बंद दाराची, शांत, सभ्य खोली असली पाहिजे. माझे सारे म्हणणे या एका खोलीपुरते आहे.

या खोलीला चैनीची वस्तू समजणाऱ्यांनी आघातानंतरच्या स्मृतीचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. प्राणांतिक भयाच्या क्षणी शरीरात जी द्रव्ये उसळतात, त्यांच्या प्रभावाखाली मेंदू घटनांची सुसंगत मालिका नोंदवत नाही; एखादा वास, एखादा आवाज, भिंतीवरच्या कॅलेंडरचा रंग अशा गोष्टी तो खोल कोरून ठेवतो आणि आधी काय घडले, नंतर काय घडले, त्यात किती वेळ गेला, यांचा दुवा मात्र सैल राहतो. त्यामुळे खरे बोलणारी व्यक्तीही तुटक बोलते, मागेपुढे करते, कित्येकदा भावशून्य चेहऱ्याने बोलते, आणि अनुभव नसलेल्या श्रोत्याला ते बनावट वाटते. प्रतिकाराविषयीही असेच आहे. स्टॉकहोममधील बलात्कारपीडितांसाठीच्या तातडीच्या चिकित्सालयात आलेल्या २९८ स्त्रियांच्या अभ्यासात, जो २०१७ साली प्रसिद्ध झाला, सुमारे ७० टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात थिजून गेल्याचे, हातपाय हलवणे अशक्य झाल्याचे सांगितले. देसाईगंजच्या मुलीच्या अंगावर ओरखडे का नव्हते, या प्रश्नाचे उत्तर नागपूरच्या न्यायमूर्तींनी विवेकाने ओळखले होते. शास्त्राने त्याला नंतर पुष्टी दिली.

आता या तुटक स्मृतीतून सत्य बाहेर यावे कसे? भय ओसरल्याशिवाय ते येत नाही, आणि जागा भयप्रद असेल तर भय ओसरत नाही. कोठडीच्या दाराचा आवाज, मोठ्याने दिलेली ताकीद, मागे कोणी तरी येऊन उभे राहिल्याची जाणीव, यांपैकी कोणतीही गोष्ट शरीराला पुन्हा त्या क्षणाकडे खेचून नेते आणि मग जीभ अडखळते. अमेरिकेतील गाइझेलमन आणि फिशर या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात साक्षीदाराकडून माहिती घेण्याची जी पद्धती बांधली, तिचे सार असे की माणसाला प्रथम त्याच्या क्रमाने, मध्ये न तोडता, पूर्ण बोलू द्यावे. प्रश्न नंतर विचारावेत. आणि 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर मागणारे प्रश्न शक्य तितके टाळावेत. ही पद्धती गर्दीच्या दालनात पाळता येत नाही. शांतता आणि वेळ हे तिचे पहिले साहित्य आहे.

आपल्याकडे जबाब कसा तयार होतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या मुद्द्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. 'समक्ष विचारलेवरून जबाब लिहून देते की' या ठरीव वाक्याने कागद सुरू होतो. ती एक वाक्य बोलते, लिहिणारा तिला थांबवतो, वाक्य शिरस्त्याच्या भाषेत बसवतो, संगणक अडला तर सारेच अडते, फोन आला तर तो उठून जातो आणि परतल्यावर विचारतो की कुठवर आलो होतो. तिचे शब्द निघून जातात आणि 'मजकूर', 'सदर इसम', 'सबब' यांनी भरलेला कागद उरतो. वर्ष-दोन वर्षांनी, कधी पाच वर्षांनी, हाच कागद न्यायालयात तिच्यासमोर धरला जातो. उलटतपासात तिला विचारले जाते की आज जे सांगता ते पोलिसांच्या जबाबात का नाही. आणि ती बिचारी तेच उत्तर देते जे आपल्या न्यायालयांत हजारोंनी दिले असेल: मी सांगितले होते, पण ते का लिहिले नाही याचे कारण मला सांगता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने ती उणीव ठरते, विसंगती ठरते, पश्चात सुचलेली सुधारणा ठरते, आणि संशयाचा फायदा योग्य रीतीने आरोपीस मिळतो. न्यायाधीशाने चूक केलेली नसते. त्याच्यासमोर आलेला पुरावाच पहिल्या तासात, त्या मेजाजवळ, खिळखिळा झालेला असतो. ज्यांना या खोलीचा विचार कोवळ्या मनाची करुणा वाटतो, त्यांनी निदान तपासाच्या यशापयशाच्या दृष्टीने तरी तिचा विचार करावा.

इंग्लंडमध्ये या जाणिवेला एका माहितीपटाने वाचा फोडली. १९८२ सालच्या जानेवारीत बीबीसीने थेम्स व्हॅली पोलिसांच्या दैनंदिन कामकाजावरील मालिकेतील एक भाग दाखवला. त्यात बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या एका स्त्रीची तीन पुरुष अंमलदार कशी उलटतपासणी करतात आणि तिची तक्रार कशी झिडकारतात, हे कॅमेऱ्याने जसेच्या तसे टिपले होते. रॉजर ग्रेफ यांच्या त्या चित्रणाने राष्ट्र हादरले. त्यावर गृहखात्याने पोलीस दलांना नव्या सूचना धाडल्या, महिला अधिकाऱ्यांना विशेष प्रशिक्षण मिळू लागले, आणि अशा तक्रारींसाठी ठाण्याच्या कोलाहलापासून दूर स्वतंत्र कक्ष निघू लागले. १९८६ साली मँचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात वैद्यकीय तपासणी, समुपदेशन आणि पोलिसांशी संभाषण या सर्व गोष्टी एका छपराखाली आणणारे त्या देशातील पहिले केंद्र स्थापन झाले.

बालकांच्या बाबतीत पहिले पाऊल अमेरिकेतील अलाबामा राज्यात, हंट्सव्हिल या गावी पडले. तिथल्या सरकारी अभियोक्त्याच्या ध्यानी आले की एका मुलाला तीच कहाणी डॉक्टर, पोलीस, समाजसेवक आणि वकील यांच्यापुढे वेगवेगळ्या इमारतींत पुनःपुन्हा सांगावी लागते. म्हणून १९८५ साली त्याने सर्वांना मुलाकडे आणणारे एक घर उघडले. त्यापासून स्फूर्ती घेऊन आइसलँडने १९९८ साली 'बार्नाहुस', म्हणजे मुलांचे घर, स्थापन केले, आणि आज युरोपातील अनेक देशांत त्याचे अनुकरण झाले आहे. तेथे मूल एका साध्या खोलीत एकाच प्रशिक्षित व्यक्तीशी बोलते. न्यायाधीश, पोलीस आणि दोन्ही बाजूंचे वकील दुसऱ्या खोलीत पडद्यावर ते पाहतात आणि त्यांचे प्रश्न त्या व्यक्तीमार्फत मुलापर्यंत पोचतात. आरोपीच्या वकिलाचा हक्क राखला जातो आणि मुलाला ती कहाणी वारंवार सांगावी लागत नाही. या साऱ्या प्रयोगांत मला हा सर्वांत विचारपूर्वक घडवलेला वाटतो.

आपला देश या बाबतीत अगदीच मागे राहिला असे म्हणणे अन्यायाचे होईल. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पोलीस यंत्रणेच्या आतच समाजसेविका बसवली. तो विचार त्या काळी जगातही फार थोड्यांना सुचला होता. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी दोन दशकांहून अधिक काळापूर्वी 'दिलासा' केंद्र उघडले. गोव्याने २००३ साली बालकांसाठी स्वतंत्र कायदा करून बाल न्यायालय स्थापले. हैदराबादेत २०१६ पासून 'भरोसा' केंद्र चालते, नागपूर आणि पुण्यातही त्याच नावाचे कक्ष आहेत, केरळने बालस्नेही पोलीस ठाणी उभारली, आणि केंद्र सरकारच्या योजनेतून २०१५ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत 'सखी' केंद्रे निघाली. न्यायालयांच्या बाबतीत तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने वाट दाखवली: मूकबधिर आणि मंदबुद्धी पीडितेच्या प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक उच्च न्यायालयाच्या क्षेत्रात अशा साक्षीदारांसाठी किमान दोन स्वतंत्र साक्षकेंद्रे उभारण्याचा हुकूम दिला, आणि २०२२ च्या जानेवारीत त्या हुकमाची व्याप्ती वाढवली.

म्हणजे रुग्णालयात जागा झाली, जिल्ह्याच्या ठिकाणी जागा झाली, न्यायालयात जागा झाली. जिथे पहिला शब्द कागदावर उतरतो आणि ज्या शब्दावर पुढची सारी इमारत उभी राहते, त्या तालुक्याच्या ठाण्यात मात्र, काही सन्माननीय अपवाद वगळता, ती अजून व्हायची आहे. निर्भया निधीतून देशभरातील दहा हजार ठाण्यांत महिला मदत कक्षांसाठी पैसा मंजूर झाला, तरी पुष्कळ ठिकाणी त्या कक्षाचा अर्थ त्याच दालनातील एक वेगळे मेज आणि त्यावरची पाटी एवढाच राहिला. नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या एखाद्या पाड्यावरची मुलगी जिल्ह्याच्या 'सखी' केंद्रापर्यंत पहिल्या दिवशी पोचत नाही. ती पोचते ठाण्यात.

ही खोली कशी असावी याविषयी दूरदेशी बराच विचार झाला आहे. अमेरिकेत तर टेक्सासमधील 'प्रोजेक्ट बिलव्हेड' नावाची संस्था पोलिसांना अशा खोल्या सजवून देते: मऊ आसने, मंद दिवे, गालिचा, भिंतीवर एखादे निसर्गचित्र. आपल्याकडे त्याची नक्कल नको. जाड गाद्यांची आसने आपल्या हवेत चार महिन्यांत कुबट होतील, आणि ज्या स्त्रीने जन्मभर जमिनीवर बैठक मारली तिला त्यांवर अवघडल्यासारखे होईल. स्वच्छ चटई किंवा सतरंजी आणि दोन-तीन हलक्या खुर्च्या असाव्यात, म्हणजे तिला हवे तसे बसता येईल आणि जबाब घेणारीही तिच्याच पातळीवर बसेल. मध्ये मेज असू नये. तिची बैठक अशी असावी की दार तिला दिसेल आणि तिच्या व दाराच्या मध्ये कोणी बसलेले नसेल; वाटेल तेव्हा आपल्याला उठून जाता येते, ही जाणीव माणसाला बोलते करते. खोलीत शिरण्याची वाट कोठडीवरून आणि दर्शनी दालनातून जाणारी नसावी, कारण आरोपीला त्याच वेळी आणले गेले तर बाकी सर्व व्यवस्था व्यर्थ ठरेल. चाकाच्या खुर्चीला अडणार नाही असा उतार असावा. दाराला आतून कडी असावी आणि बाहेर, आत कोणी आहे हे दाखवणारी खूण असावी, म्हणजे सही घ्यायला कोणी घुसणार नाही.

आवाजाचा विचार तर सर्वांत आधी करावा. बिनतारी यंत्र, फोन आणि शेजारच्या खोलीतले दरडावणे आत येता कामा नये, आणि आतले बोलणे बाहेर जाता कामा नये. त्यासाठी भरीव दार आणि छतापर्यंत पोचणारी भिंत पुरते. प्लायवूडचे अर्धे आडोसे मात्र निरुपयोगी आहेत, त्यांच्यावरून कुजबुजसुद्धा ऐकू येते. पंखा घरघरणारा नसावा, तो चित्रीकरणातला आवाजही गिळून टाकतो. उजेड पुरेसा पण डोळ्यांवर न येणारा असावा. बेड्या, काठ्या, वाँटेड गुन्हेगारांची छायाचित्रे, स्त्रीच्या शीलाविषयीची सुभाषिते यांपैकी काहीही भिंतीवर नसावे. कोणत्याही एका धर्माची खूणही नसावी, कारण त्या खोलीत कोण येईल हे आपल्याला ठाऊक नसते. पाणी असावे, रुमाल असावेत, अंगावर घ्यायला एक चादर आणि बदलायला साधे कपडे असावेत, कारण तिचे कपडे पुरावा म्हणून जप्त होतात आणि तिने घरी कशाने जावे याचा विचार कोणी केलेला नसतो. लगत प्रसाधनगृह असावे; पण वैद्यकीय तपासणीपूर्वी अंग धुतल्याने पुरावा नष्ट होऊ शकतो, हे तिला हळुवारपणे आणि कारणासह सांगण्याची शिकवण तिथल्या अंमलदाराला असावी. मुलांसाठी कागद आणि रंगीत खडू पुरेत; खेळण्यांची रास लक्ष विचलित करते, आणि पुढे न्यायालयात मुलाने खेळताखेळता काही तरी रचले असे म्हणण्यास वाव देते.

चित्रीकरणाचा प्रश्न नाजूक आहे. २०२० सालच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्याचा कोपरान् कोपरा कॅमेऱ्याखाली आणण्याचा हुकूम दिला, आणि कोठडीतील छळाचा इतिहास पाहता तो योग्यच आहे. परंतु पीडितेच्या खोलीतले चित्र अंमलदाराच्या मेजावरच्या पडद्यावर सर्वांना दिसू लागले, तर बंद दाराचा उपयोग काय? त्या खोलीचे चित्रीकरण वेगळे असावे, त्याचा ताबा एका जबाबदार अधिकाऱ्याकडे असावा, कॅमेरा लपवलेला नसावा आणि तो का लावला आहे हे तिला प्रारंभीच सांगावे. अशा चित्रीकरणाने आरोपीचेही हित साधते. जबाब पढवून घेतला, प्रश्नांतून उत्तरे सुचवली गेली, असा ज्याचा आक्षेप असेल त्याला ते पडताळून पाहता येते; खोली मायेची असली म्हणून तपास पक्षपाती होतो, ही शंका त्याने निकाली निघते.

हे सर्व खरे असले तरी खोली स्वतः काही ऐकत नाही. ऐकणारे माणूस लागते. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या, भामरागडात माडिया बोलणाऱ्या मुलीसमोर उत्तम खोलीतही मराठीच फक्त जाणणारा अधिकारी बसला तर तिचा अर्धा जबाब हरवणारच, म्हणून विश्वासू दुभाष्यांची यादी प्रत्येक ठाण्यात तयार हवी. ऐकण्याचे शिक्षण नाशिकच्या पोलीस अकादमीत कवायतीइतक्याच गांभीर्याने दिले गेले पाहिजे. आणि ज्या महिला अंमलदारावर तालुक्यातल्या अशा प्रत्येक प्रकरणाचा भार टाकला जातो, जी दिवसभर बंदोबस्तात उभी राहून रात्री एखाद्या बालिकेची कहाणी लिहून घेते आणि पहाटे घरी जाऊन स्वतःच्या मुलीची वेणी घालते, तिच्या मनावर काय साचत असेल, याची विचारपूस करणारे कोणी तरी असले पाहिजे. तिला कठोर म्हणणे सोपे आहे. तिचा कठोरपणा पुष्कळदा सोसण्याचे शेवटचे साधन असतो.

ही खोली केवळ एका प्रकारच्या गुन्ह्यासाठी राखून ठेवण्याचेही कारण नाही. आयुष्यभराची पुंजी फसवणुकीत गेलेला आणि मुलांना कसे सांगावे या लाजेने काळवंडलेला वृद्ध, डोळ्यांदेखत भावाचा खून पाहिलेला तरुण, ज्याच्यावरील अत्याचाराला समाज अद्याप नावही देत नाही असा मुलगा, आणि गावच्या दडपणाला न जुमानता अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद द्यायला आलेले दलित कुटुंब, या सर्वांना तीच शांतता हवी असते.

जागा नाही आणि पैसा नाही, ही दोन उत्तरे मिळतील. जुन्या ठाण्यांत जागेची खरोखरच टंचाई आहे, अंमलदारांना स्वतःला कपडे बदलायला खोली नाही, हे मी नाकारीत नाही. पण मागितली जाणारी जागा एका मुद्देमाल-खोलीएवढी आहे, आणि वर्षानुवर्षे निकाली न निघालेल्या मुद्देमालाची विल्हेवाट नियमाने लावली तर कित्येक ठाण्यांत तेवढी जागा त्यातूनच मोकळी होईल. पैशाचे म्हणाल, तर जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पोलिसांना वाहने मिळतात आणि तो खर्च सर्वांना रास्त वाटतो. एका वाहनाच्या किमतीत अशा अनेक खोल्या होतील. नव्या ठाण्यांचे बांधकाम राज्य पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळ करते. कोठडीवाचून ज्याप्रमाणे ठाण्याचा नकाशा मंजूर होत नाही, त्याचप्रमाणे या खोलीवाचूनही तो मंजूर होऊ नये, एवढा एक आदेश गृहखात्याने काढावा. तो काढण्यासाठी विधिमंडळात नवा कायदा करण्याची आवश्यकता नाही.

वाचकांना माझी विनंती इतकीच आहे. आपल्या गावच्या शांतता समितीत, मोहल्ला समितीत, महिला दक्षता समितीत आपल्यापैकी अनेक जण बसतात. सणावारांच्या बंदोबस्तासाठी त्या समित्यांच्या बैठका ठाण्यातच भरतात. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा ठाणेप्रमुखांना अदबीने विचारा की या इमारतीत पीडितांचा जबाब कोठे घेतला जातो, आणि ती खोली पाहून घ्या. ती नसेल, तर त्याच बैठकीत तसा ठराव करून पालकमंत्र्यांकडे आणि जिल्हा नियोजन समितीकडे लेखी पाठवा, आणि त्याची पोच घ्या.